पहाटे मासे वर येऊन तोंड मारतात? औषधाची बाटली उघडण्याआधी हे बघा

नागपुरात एप्रिल लागला की परसात ॲक्वापोनिक्स, म्हणजे माशांच्या टाकीतलं पाणी गिट्टीच्या बेडमधून फिरवून त्यावर भाजी पिकवायची सोय, मांडलेल्यांचे फोन सुरू होतात आणि प्रश्न ठरलेला असतो: "भाऊ, मासे वर येऊन तोंड मारून राहिले, कोणतं औषध टाकू?" कोणतंच टाकू नका. हा बिघाड मी इतक्या टाक्यांत दुरुस्त केला आहे की आता फोनवरच निम्मा अंदाज येतो, आणि त्यात खरा रोग क्वचितच निघतो. हवा कमी पडते, खाद्य जास्त पडतं, नाहीतर तळाशी गाळ साचलेला असतो. औषधाने यातलं काहीच सुधारत नाही. उलट मेथिलीन ब्लू, मोरचूद किंवा अँटिबायोटिकने गिट्टीतले कामाचे जिवाणू, म्हणजे माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया आधी नायट्राइट आणि मग झाडांना चालणारं नायट्रेट करणारे, मरतात आणि साधा बिघाड महिनाभराचा होऊन बसतो.

लक्षणं

- पहाटे चार ते सातच्या सुमारास मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करतात. उन्हं चढली की हळूहळू खाली जातात.
- बेडमधून परत येणारं पाणी जिथे पडतं, तिथे सगळे गोळा होतात. लग्नाच्या मांडवात कूलर बंद पडल्यावर वऱ्हाड दाराशी जमतं, तसे.
- सकाळचं खाद्य तरंगत राहतं.
- कल्ल्यांची झाकणं भराभर हलतात.
- रात्री ठणठणीत असलेला मोठा मासा सकाळी मेलेला सापडतो आणि लहान पिल्लं मात्र जिवंत असतात.
- पाणी हिरवं होतं किंवा वरचा फेस लवकर विरत नाही. टाकीजवळ वाकलं की सडका वास येतो.
- बेड ओला असूनही पालक, पुदिना दुपारी माना टाकतात. मुळं उपटून पाहिली तर पांढरी नसून तपकिरी, बुळबुळीत असतात.

ही सगळी एकदम दिसतीलच असं नाही. पहिली दोन दिसली तरी कामाला लागा.

मासा कोणता आहे तेही बघा. कटल्याचं तोंडच वरच्या बाजूला वळलेलं असतं, तो वरच्या थरात चरतो, त्यामुळे तो वर दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही. मरळ, शिंगी आणि देशी मागूर हवेतला श्वास घेणारे मासे आहेत, ते अधूनमधून वर येणारच. रोहू मधल्या थरातला आणि मृगळ तळाचा. मृगळ वर येऊन तोंड मारायला लागला, तर हातातला चहा ठेवून आधी टाकीकडे जा.

आत्ता, या मिनिटाला काय करायचं

खाद्य बंद करा. दुसरा एअर पंप असेल तर तो लावा. नसेल तर बादलीने टाकीतलंच पाणी काढून दोन-तीन फुटांवरून परत टाकीत ओतत राहा, किंवा कूलरचा एखादा जादा पंप सोडून त्याची धार वरून पाडा. पाणी उंचावरून फुटून पडलं की हवा धरतं. साठवून ठेवलेलं, क्लोरीन उडालेलं पाणी असेल तर टाकीतलं चतुर्थांश पाणी बदला. अख्खी टाकी बदलू नका. बर्फाच्या लाद्या टाकू नका, तापमान एकदम पडलं की अर्धमेले मासे तेवढ्यानेच जातात. आणि या वेळी तळ ढवळू नका. गाळ वर आला तर उरलीसुरली हवाही तोच खातो.

अर्ध्या-पाऊण तासात मासे खाली गेले, तर दुखणं हवेचं होतं हे नक्की. मग पुढच्या तपासण्या क्रमाने करा. क्रम फुकटपासून खर्चिकपर्यंत लावला आहे. मधली पायरी गाळून थेट पाणी तपासायचं किट विकत घ्यायला धावू नका.

पहाटच का

पाणी जितकं गरम, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात, ३५ अंशांना सातच्याही खाली. रोहू-कटल्याला पाचच्या वर लागतो. म्हणजे मे महिन्यात आपल्याकडे हाताशी दोनेक मिलिग्रॅमच उरतात. त्यातच गरम पाण्यात माशांची भूक आणि श्वास दोन्ही वाढलेले. गिट्टीतल्या जिवाणूंनाही हवा लागते आणि ती थोडीथोडकी नाही: एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट करायला त्यांना चार ग्रॅमहून जास्त प्राणवायू लागतो. शेवाळ दिवसा हवा देतं पण रात्री स्वतःच घेतं. रात्रभर सगळेच घेणारे आणि देणारं कोणी नाही, म्हणून तळ गाठला जातो तो सूर्योदयाच्या जरा आधी. सकाळी दहा वाजता येऊन "आता तर चांगले आहेत" म्हणणाऱ्या शेजाऱ्याला हे सांगून ठेवा.

मासे दिवसभर वर असतील तर प्रकरण अमोनियाचं किंवा नायट्राइटचं आहे. खालच्या तपासण्या सोडू नका, पण किटही लगेच आणा. नवीन पाणी भरल्यावर तासाभरात सुरू झालं असेल तर थेट पाण्याच्या भागाकडे जा. सगळे ठीक आणि एकटाच मासा वर असेल तर त्याला वेगळ्या टबात काढा, टाकीला हात लावू नका.

पहिली तपासणी: रात्री पंप चालू असतो का?

हसू नका, सगळ्यात जास्त वेळा इथेच सापडतं. बेसा भागातल्या एका काकांकडे सगळं नीट होतं. पाणी स्वच्छ, बेड उत्तम, तरी दर दोन-चार दिवसांनी एक मासा जायचा.

"काका, रात्री पंप बंद करता का?"

"हो ना, टायमर लावला आहे. रात्री अकरा ते सहा बंद. रात्री झाडांना पाणी कशाला?"

झाडांना नसेल लागत, माशांना लागतं. कूलरचा १८ वॅटचा पंप चोवीस तास चालवला तर महिन्याला १३ युनिट जातात. तेवढ्यासाठी अर्धा किलोचा रोहू घालवायचा का, हा हिशेब ज्याचा त्याने करावा. बेडला आलटून पालटून पाणी द्यायला टायमर चालतो, पण मग हवेचा पंप वेगळा हवा आणि तो टायमरवर नको.

लाईन जाण्याचंही तसंच. मे महिन्यात रात्री लाईन गेली की माणसं गच्चीवर जातात, मासे कुठे जाणार? बॅटरीवरचा छोटा एअर पंप मत्स्यालयाच्या दुकानात मिळतो, लाईन गेली की आपोआप सुरू होणारा घ्या. घरात इन्व्हर्टर असेल तर एअर पंपाची वायर त्यावर ओढून घ्या. पाच-दहा वॅटचं काम असतं, पंख्याच्या कितीतरी कमी.

दुसरी: खाद्य

दोन दिवस खाद्य पूर्ण बंद ठेवा. खर्च शून्य, आणि दोन दिवस उपाशी राहून मासा मरत नाही. पहाटेचा त्रास कमी झाला तर उत्तर मिळालं.

मासा खाल्ल्यावर काही तास जास्त हवा घेतो. संध्याकाळी सातला पोटभर घातलं की ती मागणी रात्रीवर पडते आणि न खाल्लेलं खाद्य तळाशी सडत हवा घेतं ते वेगळंच. म्हणून उन्हाळ्यात सकाळी नऊच्या सुमारास एकदा आणि दुपारी चारच्या आत दुसऱ्यांदा. पंधरा मिनिटांत जेवढं संपेल तेवढंच घाला, उरलेलं जाळीने काढा. दिवसाचं खाद्य माशांच्या एकूण वजनाच्या एक ते दोन टक्के पुरतं. पाण्याचं तापमान ३४ च्या वर गेलं तर त्या दिवशी खाडा. थंडीतही तोच नियम उलट्या बाजूने: डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या आसपास येतो, पाणी गार पडतं, तेव्हा मासा खात नाही आणि जिवाणूही मंदावतात. जूनच्या सवयीने मूठभर घालत राहिलात तर तो साठा उन्हाळ्यात निघतो.

घरात दोन-तीन जण प्रेमाने खाद्य घालत असतील तर डबा एकाच्या ताब्यात द्या. पाहुण्यांच्या पोरांना पोळीचे तुकडे टाकू देणंही बंद.

तिसरी: हवेचा पंप आणि पाण्याची धार

एअर पंप चालू आहे म्हणजे हवा येतेच असं नाही. आवाज करतो, थरथरतो, पण बुडबुडे क्षीण. आधी पंपाच्या बुडाशी असलेला स्पंज काढून बघा. आपल्याकडच्या धुळीत तो महिन्याभरात काळा होतो. धुऊन, वाळवून परत लावा. मग नळी स्टोनपासून (टोकाचा बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) सोडवून नुसती पाण्यात धरा. आता जोरात हवा आली तर पंप चांगला आणि स्टोन बुजला आहे. बोअरच्या जड पाण्यात स्टोनवर पांढरा थर बसतो. रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवून धुतला की बहुतेक वेळा मोकळा होतो, नाहीतर नवा घ्या, किरकोळ किंमत आहे.

नळीतूनही हवा कमीच आली तर प्लग काढून पंप उघडा. आत लोहचुंबकाच्या दांडीला जोडलेली एक रबरी वाटी असते, डायफ्राम. वरून पाहिली तर धडधाकट दिसते. बोटांनी कडेला दुमडून उजेडात धरा, घडीच्या रेषेवर केसाएवढी चीर दिसेल. पत्र्याखाली किंवा उन्हात ठेवलेल्या पंपाचं रबर एका उन्हाळ्यात असं तडकतं. सुटा डायफ्राम मिळतो, मॉडेल नंबर लिहून न्या. पंप परत बसवताना पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवा किंवा नळीत उलट-झडप लावा, नाहीतर लाईन गेल्यावर पाणी नळीतून पंपात उतरतं.

आता पाण्याचा पंप. दहा लिटरची बादली परतीच्या धारेखाली धरा आणि मोबाइलवर सेकंद मोजा. नियम असा की टाकीतलं सगळं पाणी तासाला एकदा तरी बेडमधून फिरून आलं पाहिजे. हजार लिटरच्या टाकीत बादली ३६ सेकंदांच्या आसपास भरायला हवी. मिनिटाच्या वर गेली तर पंपाची जाळी, पाती किंवा पाइप बुजला आहे. बेल सायफन (बेड भरला की पाणी एकदम खाली सोडणारा पाइप) असेल तर धार एकसारखी नसते. मग सायफनकडची नाही, तर बेडमध्ये पडणारी धार मोजा.

कूलरचा पंप वापरायला माझी हरकत नाही. सीताबर्डीपासून गल्लीतल्या दुकानापर्यंत सगळीकडे मिळतो आणि बिघडला तर त्याच दिवशी बदलता येतो. पण तो गाळाच्या पाण्यासाठी बनलेला नाही. त्याच्याभोवती जाळीची पिशवी बांधा, आठवड्याला धुवा आणि एक नवा पंप कायम घरात ठेवा. आणि हे आधीच सांगतो: टाकीत हात घालण्यापूर्वी प्रत्येक वेळी प्लग काढायचा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. कूलरचा करंट काय असतो हे विदर्भात कोणाला सांगायला नको.

चौथी: ऊन

पाच-पन्नास रुपयांचा थर्मामीटर दोरीने बांधून टाकीत सोडा, दुपारी चारला आणि पहाटे पाचला वाचा. पहाटेसुद्धा ३२ च्या वर असेल तर सावली कमी आहे. पश्चिमेच्या उन्हाने टाकी जास्त तापते, तरी लोक जाळी फक्त वर बांधतात. पश्चिमेकडून पडदा सोडा. काळी टाकी असेल तर बाहेरून चुना मारा किंवा ओलं पोतं गुंडाळा. पोतं भिजवत राहिलात तर दोन-तीन अंशांचा फरक पडतो. कोरड्या मे महिन्यात बाष्पीभवनाने गारवा येतो, म्हणून परतीचं पाणी फवाऱ्यासारखं पसरवून पाडणं दुहेरी कामाचं: हवाही मिळते आणि पाणीही निवतं. मृग लागून हवा दमट झाली की हा उपाय मंदावतो.

ज्यांनी अजून टाकी मांडली नाही त्यांनी ती पूर्वेला, निम्मी जमिनीत पुरून मांडावी. गच्चीवर उघड्यावर टाकी आणि मे महिना, हे समीकरण जमवताना भल्याभल्यांची दमछाक झाली आहे.

पाचवी: हिरवं पाणी

हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवा. तळवा दिसला नाही तर शेवाळ जास्त आहे. दिवसा त्यानेच हवा भरपूर दिसते आणि पहाटे त्यानेच घात होतो. जुलैत तीन-चार दिवस आभाळ भरून राहिलं की शेवाळ दिवसाही हवा देत नाही, कधी एकदम मरतं आणि सडतं. पावसाळ्यात अचानक मासे गेले तर हे आठवा. शेवाळनाशक टाकू नका. टाकीवर दाट जाळी किंवा झाकण घाला, उजेड तोडला की आठ-पंधरा दिवसांत पाणी निवळतं. झाडांना ऊन हवं, माशांच्या टाकीला नको.

सहावी: नवीन पाणी कुठून आलं

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, असायलाच हवं, आपण ते पितो. पण ते कल्ले जाळतं आणि जिवाणू मारतं. पाणी ड्रममध्ये उघड्यावर, शक्यतो एअर स्टोन लावून, एक दिवस ठेवा आणि मगच टाकीत घाला. घाई असेल तर मत्स्यालयाच्या दुकानातलं क्लोरीन मारणारं द्रव, पाकिटावरच्या मापाने. टँकरचं पाणी कुठून भरलं, त्यात किती पावडर मारली, हे तुम्हाला कळत नाही. ते थेट टाकीत कधीही नाही.

बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतं पण हवाही जवळजवळ नसते, आणि ते जड असतं. शहराच्या पश्चिमेला बेसॉल्टचा खडक, पूर्वेला ग्रॅनाइटसारखे जुने खडक. पाण्याचा स्वभाव गल्लीगणिक बदलतो, शेजाऱ्याच्या बोअरवर विसंबू नका. पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्क याचं माप, आठच्या आसपास असेल तर झाडांना लोह मिळत नाही. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर ते हेच. आरओमधून सांडणारं पाणी भरणारेही भेटतात. उन्हाळ्यात बाष्पीभवनाने क्षार आधीच वाढत असतात, त्यात ही भर कशाला? पावसाचं पन्हाळीचं पाणी सगळ्यात चांगलं, पहिला पाऊस सोडून.

गिट्टीचीही परीक्षा इथेच घ्या. चार खडे वाटीत घेऊन त्यावर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस टाका. बुडबुडे आले तर त्यात चुना आहे आणि ती गिट्टी तुमचा पीएच कायम वर ओढत राहणार. काळी बेसॉल्टची गिट्टी धुऊन वापरली तर त्रास नाही. बागेसाठी मिळणारे पांढरे शोभेचे खडे बेडमध्ये नकोत.

सातवी: गाळ

इथून पुढे कपडे भिजतात. बेडच्या एका कोपऱ्यात हात वीतभर खाली घाला. ओलसर मातीचा वास आला तर ठीक. काळा चिखल आणि सडक्या अंड्याचा वास आला तर खाली हवा पोचत नाही. तिथे जिवाणूंचं काम उलटं सुरू झालं आहे आणि त्या वासाचा वायू माशांना विषारी आहे.

सगळा बेड एका दिवसात उपसू नका, हे लाख वेळा सांगितलं तरी लोक करतातच. जिवाणू त्याच गिट्टीवर बसलेले असतात. सगळी गिट्टी नळाखाली घासून धुतली की टाकी पुन्हा कोरी होते आणि जिवाणू जमायला चार ते सहा आठवडे लागतात. चौथा हिस्सा घ्या, गिट्टी टाकीतल्याच पाण्यात खळबळून घ्या, काळं पाणी टाकीत न सोडता बाहेर आंब्याच्या आळ्यात ओता. पंधरा दिवसांनी पुढचा हिस्सा. टाकीच्या तळाचा गाळ बागेच्या नळीने ओढून काढा, दर वेळी दहा टक्क्यांहून जास्त पाणी जाऊ देऊ नका.

हे दर उन्हाळ्यात होत असेल तर बेडच्या आधी एक गाळाचा ड्रम बसवा. ५०-१०० लिटरचा निळा ड्रम, पाणी कडेने गोल फिरेल असं आत सोडायचं, वरून निथळ बेडकडे, खाली चावी. दोन दिवसांनी चावी उघडून गाळ काढला की झालं. नव्याने मांडणाऱ्यांनी एवढी एक गोष्ट केली तर माझे निम्मे फोन कमी होतील.

आठवी: किट

आता पैसे खर्च करा. थेंबांचं किट घ्या, कागदी पट्ट्या नकोत. दमट हवेत त्या खोटं बोलतात. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच, चारही मोजा.

अमोनियाचा आकडा एकटा वाचू नका. ३० अंशांना पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला एक टक्काही विषारी रूपात नसतो. पीएच ८ ला तोच सात टक्क्यांच्या वर जातो आणि साडेआठला वीसच्या आसपास. म्हणून एकाच आकड्यावर शेजारच्याचे मासे मजेत आणि तुमचे कासावीस. शेवाळाच्या टाकीत पीएच दुपारी चढतो, तेव्हा दुपारीही मोजा. एकूण अमोनिया लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या वर असेल तर खाद्य बंद, हवा वाढवा, चतुर्थांश पाणी बदला, दुसऱ्या दिवशी परत मोजा.

नायट्राइट वाढलं की माशाचं रक्त हवा वाहून नेईनासं होतं. पाण्यात हवा भरपूर आणि मासे तरी वर, अशी गंमत तेव्हा होते. ताज्या मेलेल्या माशाचं झाकण उचलून बघा: कल्ले लाल नसून चॉकलेटी. इथे मीठ उपयोगी पडतं. साधं खडे मीठ, हजार लिटरला एक किलोपर्यंत, पाण्यात विरघळवून दिवसभरात थोडं थोडं. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. पण मीठ पाण्यातून आपोआप जात नाही, म्हणून दर महिन्याला टाकायची वस्तू नव्हे ती, झाडं करपतील.

पीएच सहाच्या खाली घसरला असेल, पावसाचंच पाणी वापरणाऱ्यांकडे हे होतं, तर जिवाणू काम थांबवतात आणि अमोनिया साचतो. अशा वेळी चुना टाकून पीएच झटकन वर नेला तर साचलेला अमोनिया एकदम विषारी होतो. आधी पाणी बदलून अमोनिया उतरवा. मग चुना चिमटी-चिमटीने, पीएच दिवसाला ०.२-०.३ च्या वर चढवायचा नाही.

नववी, आणि कोणालाच न आवडणारी: मासे जास्त आहेत

"गेल्या वर्षी तर एवढ्याच माशांत काही झालं नव्हतं." गेल्या वर्षी ती बोटुकली होती. दहा ग्रॅमची साठ पिल्लं म्हणजे ६०० ग्रॅम. तीच अर्धा-अर्धा किलोची झाली की ३० किलो. मासे साठच, टाकी तीच, पंप तोच. हजार लिटरला दहा किलो हा नवख्याचा आकडा धरा, हवेची पक्की सोय असेल तर वीस. त्यापुढे तुम्ही लाईनच्या भरवशावर आहात.

झाडांच्या बाजूनेही हिशेब होतो. पालेभाजीच्या एका चौरस मीटर बेडमागे दिवसाला ४०-५० ग्रॅम खाद्य, हे सर्वसाधारण माप. दहा किलो माशांना दिवसाला दीडशे ग्रॅम खाद्य लागत असेल तर तीनेक चौरस मीटर बेड हवा. उन्हाळ्यात पालक बसतो, बेड ओकाबोका राहतो आणि मासे मात्र वर्षातले सगळ्यात मोठे असतात. म्हणून मार्चमध्येच मोठे मासे काढा, खा किंवा वाटा, आणि बेडमध्ये अंबाडी, चवळी, पुदिना असं उन्हाला टिकणारं लावा. मुलांनी नावं ठेवलेले मासे कापायला मन होत नाही हे खरं, पण मग टाकी मोठी करा. तिसरा रस्ता नाही.

कुठे थांबायचं आणि कोणाला बोलवायचं

पाण्याला हात लावताच झिणझिण्या आल्या किंवा टाकीच्या लोखंडी स्टँडला लावलेला टेस्टर पेटला, तर तिथेच थांबा. मेन स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा. मासे मरत असले तरी आधी हेच. त्याच्याकडून ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारं स्विच) बसवून घ्या आणि अर्थिंग तपासून घ्या. हे काम यूट्यूब बघून करायचं नाही.

टाकी गच्चीवर असेल आणि खालच्या छताला ओल किंवा नवी चीर दिसली तर टाकी रिकामी करा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. हजार लिटर पाणीच एक टन भरतं, गिट्टीचा बेड वेगळा.

अमोनिया आणि नायट्राइट शून्याजवळ, हवा भरपूर, तापमान ठीक आणि तरी मासे जात आहेत, किंवा अंगावर लाल जखमा, कापसासारखे पुंजके, सुजलेलं पोट, बाहेर आलेले डोळे दिसत असतील, तर हा रोग आहे आणि तो ओळखणं तुमचं-माझं काम नाही. आपल्या शहरात तेलंगखेडीला मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे, त्याचा फायदा घ्या. जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयातही विचारता येतं. तिलापिया पाळायचा असेल तर परवानगीचंही तिथेच बघावं लागतं. थाई मागूर कोणी स्वस्तात देऊ केला तर घेऊ नका, त्यावर बंदी आहे. दुकानदाराने सुचवलेलं औषध विचारल्याशिवाय टाकीत टाकू नका, कारण त्याच पाण्यावरची भाजी तुम्ही घरात खाता.

नेताना मेलेला, फुगलेला मासा नेऊ नका, त्यावरून काही कळत नाही. आजारी पण जिवंत असलेले दोन-तीन मासे टाकीतल्याच पाण्यासह मोठ्या पिशवीत घ्या, पिशवीत एक भाग पाण्याला दोन भाग हवा ठेवा आणि सकाळी लवकर निघा. पाण्याची बाटली वेगळी, काठोकाठ भरून, झाकण पाण्याखालीच लावलेली. सोबत एका कागदावर लिहून न्या: टाकी किती लिटरची, मासे किती आणि केवढे, शेवटचं पाणी कधी आणि कुठलं भरलं, काय काय टाकलं, किटचे आकडे आणि पहाटेचं तापमान. औषध टाकून झालं असेल तर तेही लिहा, लपवू नका.